बटणाखालचा आकडा आणि आमच्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंनी आजवर कुणाच्याही, कुठल्याही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलेलं नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांना साक्षीला बोलावलंच, तर थोड्या वेळानं न्यायाधीशच पिंजऱ्यात उभे राहून घाम पुसत असतील, याबद्दलही मला शंका नाही. नाव विचारलं तर त्या म्हणतील, "कोणत्या कागदावरचं?" आणि पत्ता विचारला तर, "तुम्हाला तिथं यायचंय, की नुसतं माहीत असू द्यायचंय?" यात उद्धटपणा मुळीच नसतो. डोळे मोठे करून, मान किंचित कलती करून, समोरच्याबद्दल मनापासून उत्सुकता असल्यासारखं त्या विचारतात. त्यामुळे माणसाला रागावताही येत नाही. तो बिचारा विचार करायला लागतो आणि विहीणबाईंना तेवढंच हवं असतं.

माझ्या मुलानं त्यांच्या मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या फरीदाबादच्या घरी गेले. तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी! दिल्लीच्या मयूर विहारमधल्या सोसायटीत हळदीकुंकवाची यादी माझ्या हातात, महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहसंमेलनात समई माझ्या हस्ते, आणि त्यात वरमाय होण्याचा योग. अंगावर पैठणी आणि चेहऱ्यावर मोठेपणा, दोन्ही जरा घट्टच बसलेले. मी पेढ्यांचा डबा मांडीवर ठेवून, आवाजात शक्य तेवढा मध घालून विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" विहीणबाईंनी मान कलती केली आणि विचारलं, "तुमच्या मुलाला येतो का?" माझ्या मुलाला तेव्हा गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो हेही ठाऊक नव्हतं. मी पेढ्यांचा डबा पुढे केला.

लग्न त्यांच्या पद्धतीनं झालं. पांढऱ्या साड्या, बुद्धवंदना, दोन छोटी भाषणं आणि मग जेवण. मी मानपानावरून रुसायची जय्यत तयारी करून गेले होते. कुठल्या क्षणी तोंड फिरवायचं, कुणी समजूत घालायला आलं की किती ताणायचं, सगळं मनात पाठ होतं. पण रुसवा ठेवायला त्या लग्नात कुठे कोनाडाच सापडेना. शेवटी मीच लाज सोडून म्हटलं, "आमच्याकडे विहिणीला साडी देतात हो." तर त्यांनी अगदी काळजीनं विचारलं, "तुम्हाला साडी कमी आहे का?" मी म्हटलं, "छे, कपाट बंद होत नाही." "मग?" मी जाऊन जेवणाच्या पंगतीत बसले.

त्यांच्या घराची एक वेगळीच तऱ्हा आहे. त्या घरातली प्रत्येक वस्तू एका खोलीची रहिवासी असते आणि तिनं हद्द ओलांडायची नसते. स्वयंपाकघरातली कात्री स्वयंपाकघरातच राहते, शिवणाची शिवणापाशी, कागदाची टेबलापाशी. "कात्री द्या जरा," म्हटलं की, "कोणत्या खोलीची?" हॉलमधल्या पेनानं बेडरूममध्ये लिहिलेलं त्यांना आवडत नाही. त्यांचे मिस्टर कारखान्यातून निवृत्त झालेले अत्यंत शांत गृहस्थ. ते एकदा मला हळूच म्हणाले, "ताई, मी पण हॉलचाच आहे. किचनमध्ये गेलो की ओळख दाखवावी लागते." आणि आमच्या मयूर विहारच्या घरात पाहाल तर उलटा कारभार. सगळं सगळ्यांचं आणि सगळीकडे. माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, किसणी बाल्कनीत, आणि यांच्या औषधाच्या गोळ्या हिंगाच्या डबीत. मी सात माणसांच्या एकत्र कुटुंबात वाढले. आमच्याकडे 'माझा टॉवेल' हा शब्दप्रयोग स्वार्थीपणाचं लक्षण मानला जायचा.

विहीणबाई मूळच्या नागपूरच्या. नोकरी दिल्लीत एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर विभागात, तीही त्या काळात, जेव्हा कॉम्प्युटर खोलीभर मोठा असायचा आणि त्याच्याकडे जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. मीसुद्धा तेव्हा दुसऱ्या एका कचेरीत टायपिस्ट होते. आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्याचा जो पाहुणचार केला, तो आठवला की मला आजही हसू आवरत नाही. मी त्याच्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं, कडेला मोत्यांसकट. त्याला हळदकुंकू वाहिलं. 'यात व्हायरस शिरतो' असं कुणीतरी म्हटलं, तेव्हा सर्दी झालेल्या बायकांना त्या खोलीत जायला मी सक्त मनाई केली, आणि त्या बिचाऱ्या ऐकत. शिवाय चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मी भाकीत केलं होतं, "हे फॅड आहे. टाइपरायटरला मरण नाही." माझा टाइपरायटर त्याच वर्षी भंगारात गेला. मी जिकडे क्रोशा विणत होते, तिकडे गावाच्या दुसऱ्या टोकाला विहीणबाई त्याच यंत्राला प्रश्न विचारत होत्या. तेव्हापासूनच त्यांना ती सवय लागली असावी.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक उद्योग सुरू केला. दिल्लीतल्या मुनिरक्यात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीची खोली रिकामी असते. दर शनिवारी दुपारी त्या फरीदाबादहून मेट्रोनं तिथे जातात आणि प्रोग्रॅमिंग नव्यानं शिकणारी, कुठेतरी अडकलेली पोरं त्यांच्याकडे येतात. कुणी पूर्णियाचा, कुणी इम्फाळची, कुणी कोट्टायमचा. सगळी आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली. फी नाही, अभ्यासक्रम नाही, ब्लॅकबोर्ड नाही. आहे तो एक दुधी भोपळा.

दुधीचं सांगायलाच हवं. विहीणबाई येताना गल्लीतून भाजी घेतात आणि एक दुधी पिशवीतून काढून टेबलावर उभा करतात. ज्याचं काम अडलं असेल त्यानं आपला कोड ओळीओळीनं दुधीला समजावून सांगायचा, मोठ्यानं, एकही ओळ न गाळता. त्या बाजूला पाठीमागे हात बांधून उभ्या. दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही हा त्यांचा नेम इतका कडक आहे की पाठीमागे एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवतात. पूर्णियाचा तो लांबलचक मुलगा एकदा रडवेला होऊन म्हणाला, "मॅम, कोड चल नहीं रहा." विहीणबाई म्हणाल्या, "चल नहीं रहा, या जहाँ तुम सोच रहे हो वहाँ नहीं चल रहा?" तो दुधीकडे वळला. चौथ्या-पाचव्या ओळीला थांबला, "अच्छा... ओह... शिट, सॉरी मॅम," म्हणाला आणि खुर्चीवरून उठून दुधीला नमस्कार करून गेला. विहीणबाई मला म्हणतात, "याची भाजी काय सुंदर होते, पाहा. दुपारभर ऐकून ऐकून मऊ पडलेला असतो."

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात हळदीकुंकवाच्या यादीवाली बाई कशी काय पोचली? त्याला कारण आमची दोघींची नात, रेवा.

रेवा मयूर विहारलाच वाढली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी तिला येते, पण तिच्या मराठीला भोकं आहेत, आणि त्या भोकांतून हिंदी डोकावते. "आजी, माझं पोट दर्द करतंय," इथपर्यंत ठीक होतं. पण एक दिवस मी विळीवर भाजी चिरत होते तर म्हणाली, "आजी, तू त्या पायवाल्या चाकूवर नको ना बसू." मी म्हटलं, "याला काय म्हणतात?" ती विचारात पडली आणि म्हणाली, "यार आजी, हे इतकं ओल्ड आहे की त्याला नावच नसेल." आणि त्याच आठवड्यात मुलानं जाहीर केलं की त्याला डब्लिनला नोकरी मिळाली आहे, शाळेची सुट्टी लागली की तिघं निघणार.

विमानाचं तिकीट आलं त्या दिवशी मी हिशोब केला, की निदान हे थोडेफार शब्द तरी तिच्याबरोबर विमानात चढले पाहिजेत. नाहीतर दोन वर्षांनी ती परत येईल, माझ्यासमोर बसेल, गोड हसेल आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहू. पुस्तक दिलं तर उघडायची नाही. पण तिचा टॅब ती आंघोळीलासुद्धा घेऊन जाते. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की टॅबवर इंटरनेटवरून उघडेल असं एक पान करावं. मोठं लाल बटण. दाबलं की एक मराठी शब्द, खाली त्याचा अर्थ, आणि कोपऱ्यात आकडा, आत्तापर्यंत किती शब्द झाले त्याचा. पोरांना आकडा वाढलेला आवडतो, एवढं बालमानसशास्त्र मला कळत होतं. म्हणजे कळतं असं वाटत होतं.

मी विहीणबाईंना फोन केला. "एवढं पान करून द्याल का?" त्या म्हणाल्या, "शनिवारी मोकळ्या आहात का?"

अशी मी सत्तरीत, मेट्रोची ब्लू लाइन पकडून, बॉटॅनिकल गार्डनला गाडी बदलून, मुनिरक्याच्या त्या खोलीत विद्यार्थिनी झाले. पोरांनी मला 'आंटीजी' म्हणून खिडकीजवळची खुर्ची दिली. पहिल्या काही शनिवारी मी बटण लाल करायला शिकले. हे इतकं मोठं यश होतं की मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. मग बटण दाबलं की शब्द दिसायला लागला. आणि मग आकडा.

आकड्यानं माझा जीव घेतला. बटण दाबलं की कोपऱ्यात 'एक' यायचा. पुन्हा दाबलं, शब्द बदलायचा, आकडा 'एक'. मी बोटं दुखेपर्यंत दाबत राहिले. माझ्या पानावर जन्मभर पहिलाच शब्द चालू होता. वास्तविक मी सरळ लिहिलं होतं: बटण दाबलं की करायच्या कामात पहिल्यांदा म्हटलं, आकडा शून्य धरा. मग म्हटलं, त्यात एक मिळवा. मग दाखवा. यात चुकीचं काय? मी विहीणबाईंना बोलावलं. त्या आल्या, हात मागे, मान कलती.

"हा आकडा कुठे जन्मला?"

"म्हणजे काय? इथंच. कामाच्या आत."

"काम संपल्यावर त्याचं काय होऊन राहिलं?"

"काय व्हायचंय? असेल तिथंच."

"कोण सांगतं?"

मी दुधीकडे पाहिलं. दुधीनं मला काही मदत केली नाही. विहीणबाई पुढच्या पोराकडे गेल्या. मला भयंकर राग आला. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या शेजारणीची विहीण तिला लोणची पाठवते, आणि माझी मला कोडी घालते.

मी मग शॉर्टकट मारला. ते बोलकं यंत्र आहे ना, काहीही विचारा, लगेच उत्तर देतं, त्याला मी घरी बसून विचारलं. त्यानं एका दमात पानभर ओळी ओकल्या. इतकं गोड बोलतं ते! "फार छान प्रश्न आहे," म्हणालं. विहीणबाई मला असं कधी म्हणाल्या नाहीत. मी सगळं उचलून माझ्या पानात चिकटवलं आणि शनिवारी ऐटीत दाखवायला नेलं. विहीणबाईंनी चष्मा सारखा केला आणि मधल्याच एका ओळीकडे हनुवटीनं दाखवलं. "ही काय करते?" मी पाहिलं. ती ओळ मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हटलं, "ती... ती शोभेला आहे." इम्फाळची मुलगी मराठीचा एक शब्द न कळता हसली. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "उद्या ही बिघडली तर डब्लिनला कोण दुरुस्त करणार आहे?"

मी घरी येऊन सगळं पुसलं आणि स्वतः विचार करायला बसले. विचार करता करता मला एवढं उमगलं की काम सुरू झालं की आकडा नव्यानं जन्मतो, एकचा होतो, आणि काम संपलं की मरतो. पुढच्या वेळी येतो तो त्याचा वारस, त्याला मागचं काही ठाऊक नाही. वा! मी इतकी खूश झाले की माझ्या माहेरच्या संस्कारांनुसार लगेच निर्णय घेतला: कुणालाच आत ठेवायचं नाही. आकडा बाहेर, शब्द बाहेर, अर्थ बाहेर, मोजणी बाहेर, सगळं पानाच्या सुरुवातीला ओसरीवर आणून मांडलं. सगळं सगळ्यांचं! आणि एकत्र कुटुंबात जशी नावं ठेवतात, मोठा बाळ, धाकटा बाळ, तसा त्रास कशाला म्हणून यादीतला कितवा शब्द आणि कितवा अर्थ दाखवायचा, या दोन्ही क्रमांकांना एकच नाव दिलं.

शनिवारी मी सगळ्यांसमोर बटण दाबलं. आकडा दोन झाला! तीन झाला! मी टाळी वाजवणार इतक्यात विहीणबाईंनी पडद्यावरचं वाचायला सुरुवात केली. "विळी. लहान मुलींचं नेसायचं वस्त्र." मी पुन्हा दाबलं. "मावशी. काटेरी झुडूप, कुंपणाला लावतात." पुन्हा. "परकर. यावर बसून भाजी चिरतात." शब्दाचं काम क्रमांक ठरवी, तेवढ्यात अर्थाचं काम येऊन तोच क्रमांक उचलून पुढे सरकवी. एकच टॉवेल, दोघांची आंघोळ. त्या दिवशी विहीणबाई हसल्या. भिंतीला टेकून, डोळ्यांना पदर लावून, आवाज न करता इतका वेळ हसल्या की पूर्णियाचा मुलगा पाणी घेऊन धावला. मग डोळे पुसत मला विचारलं, "सगळंच बाहेर कशाला काढलंत? यातलं बाहेर खरंच कोणाला लागतं?"

पण मला हसायला वेळ नव्हता. विमान पुढच्याच आठवड्यात होतं. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"विहीणबाई, आता पुरे झालं. तुमचं दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही करून टाका."

"पान कोणाचं आहे?"

"माझं."

"मी बोट घातलं की कोणाचं होईल?"

"कोणाचंही होऊ दे! अहो, तुमचीसुद्धा नात आहे ती!"

"मला माहीत नाही का?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा हलला. मग जिन्याचा कठडा धरून म्हणाल्या, "ताई, ती मला फोनवर विचारते, तू काय करते आहेस. मी म्हणते, पोरांना शिकवते. मग ती विचारते, आजी काय करते आहे. मी म्हणते, आजी तुझ्यासाठी लिहून राहिली. असं सांगायला मला किती बरं वाटतं, तुम्हाला कसं सांगू?"

मेट्रोच्या अख्ख्या मॅजेंटा लाइनवर मी माझ्या ओळी मनात पुन्हा पुन्हा वाचत होते.

विमानाच्या आदल्या दिवशी, आमच्या डायनिंग टेबलावर, बॅगांचं वजन होत असताना, मी फक्त आकड्याला बाहेर ठेवलं आणि बाकीच्यांना आपापल्या खोलीत घातलं. ज्याचं त्याला वेगळं नाव दिलं. बटण दाबलं. शब्द बरोबर, अर्थ त्याचाच, आकडा एक. दाबलं, दोन. मी इतक्या जोरात ओरडले की यांना वाटलं पासपोर्ट हरवला. मी विहीणबाईंना फोन केला. "झालं!" पलीकडून लगेच, "का झालं, सांगा पाहू?" मी सांगितलं. सगळं, ओळीओळीनं. त्या नुसत्या 'हं, हं' करत राहिल्या.

विमानतळावर रेवानं बटण दाबून दाखवलं आणि आम्ही दोघी आज्या काचेच्या अलीकडे हात हलवत उभ्या राहिलो, जोवर तिचा पिवळा टी-शर्ट दिसत होता तोवर, आणि नंतरही थोडा वेळ, कारण पहिल्यांदा हात खाली कुणी करायचा हे ठरत नव्हतं.

महिनाभरानं रेवाचा व्हिडिओ कॉल आला, आनंदानं फुललेली. "आजी, माझा आकडा हजाराच्या वर गेला!" माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, "शाब्बास! मग सांग, वेंधळा म्हणजे काय?" "काय?" "अगं, शब्द वाचतेस ना?" "शब्द? ते वर येतात ते? ते मी नाही बघत. मी बटण दाबते. माहितीये आजी, पान बंद केलं ना, की आकडा परत झीरोपासून सुरू होतो. म्हणून मी टॅबवर ते बंदच नाही करत."

मी फोन ठेवला आणि विहीणबाईंना लावला. ज्या आकड्यासाठी मी मुनिरक्याचे जिने झिजवले, त्यानंच माझ्या शब्दांवर पाणी ओतलं होतं. मला वाटलं त्या सांत्वन करतील. त्या म्हणाल्या, "पान बंद केलं की आकडा मरतो, हे तिनं तिचं शोधलं? कोणी न सांगता?" त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की सांत्वनाचं मी विसरूनच गेले. शेवटी मीच ठरवलं. आकडा काढून टाकायचा. पोटच्या पोरासारखा सांभाळलेला तो आकडा मी माझ्या हातानं पुसला. पान आता नुसते शब्द दाखवणार होतं.

काही दिवसांनी तिच्या टॅबची बॅटरी संपली, पान नव्यानं उघडलं गेलं, आणि आमच्याकडे संध्याकाळचा चहा चालू असताना फोन वाजला. विहीणबाई त्या दिवशी मयूर विहारलाच आल्या होत्या. पडद्यावर लालबुंद चेहरा.

"आजी! माझा आकडा कुठे गेला? तू काढलास ना? धिस इज चीटिंग!"

"चीटिंगला काय म्हणतात?"

"लबाडी! तू लबाडी केलीस! तू एक नंबरची लबाड आहेस! तू चोंबडी आहेस! तू... तू कजाग आहेस!"

मी विहीणबाईंकडे पाहिलं, विहीणबाईंनी माझ्याकडे. न बघता बघितलेले सगळे शब्द बाहेर पडत होते, एकेक, अचूक जागी, अर्थासकट. "मी तुझ्याशी अबोला धरणार आहे!" असं म्हणून तिनं पुढे कितीतरी वेळ अबोला धरण्याबद्दल मराठीत सांगितलं. माझा चहा निवून गेला. मी म्हटलं, "बरं बाई, चुकलं. उद्या आकडा परत बसवते."

तो मी बसवलेला नाही. रोज संध्याकाळी रेवा विचारते, "बसवलास?" मी म्हणते, "नाही गं, जमतच नाहीये, फार अवघड आहे," आणि ती भांडते. खरं म्हणजे दोन ओळींचं काम आहे, आणि विहीणबाईंना ते माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. अर्धवट सोडलेल्या कामाचा त्यांना इतका तिटकारा, पण याबद्दल त्या मला एका अक्षरानं विचारत नाहीत. आता शनिवारी मुनिरक्याहून थेट फरीदाबादला न जाता त्या माझ्याबरोबर मयूर विहारला येतात. फोन यायच्या वेळी दोघी लॅपटॉपसमोर खुर्च्या ओढून बसतो, आणि त्या केस सारखे करतात.

या शनिवारी रेवा थोडंच भांडली. खाली तिची कुणी आयरिश मैत्रीण थांबली होती, सायकल घेऊन. "आजी, राहू दे आकडा, बाय," म्हणाली आणि गेली. चांगलंच झालं, मैत्रिणी व्हायलाच हव्यात, असं मी म्हटलं, आणि विहीणबाई हो म्हणाल्या. पडदा काळा झाला. त्यात आम्ही दोघी म्हाताऱ्या दिसत होतो, शेजारी शेजारी. विहीणबाईंनी माझा लॅपटॉप माझ्यासमोर नीट सरळ केला आणि हळूच विचारलं,

"मग ताई, उद्या पानातलं काय बिघडवायचं?"